नांगराखालचा कडक थर: नाशिकच्या जमिनीत खोल मशागत कधी, किती आणि कशी करावी

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन दोन दिवस झाले की रानात चक्कर मारा. बांधाला लागून असलेल्या गवताळ पट्टीत पाणी केव्हाच मुरलेलं असतं आणि आठ-दहा फुटांवर, पेरणीसाठी तयार केलेल्या रानात मात्र ते तसंच उभं दिसतं. माती तीच, पाऊसही तोच. फरक एवढाच की बांधावरून कधी ट्रॅक्टर गेलेला नसतो, म्हणून तिथे पाणी अडवणारा कडक थर झालेला नसतो. निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला या भागांत हे चित्र दरवर्षी दिसतं. मग कोणीतरी सांगतं, "सबसॉयलर मारून घ्या." सबसॉयलर म्हणजे माती न पलटता ती खोलवर तडकवणारं दात्याचं अवजार. भाड्याचा ट्रॅक्टर येतो, रानात चार-चार फुटांवर चिरा पाडतो आणि निघून जातो. पुढच्या पावसात पाणी परत उभंच.

खोल मशागत हे चांगलं काम आहे, पण ते शस्त्रक्रियेसारखं करावं लागतं. आधी तपासणी, मग नेमका घाव, आणि नंतरची काळजी घावाइतकीच महत्त्वाची. या तिन्हींतलं एक जरी सुटलं तरी डिझेल वाया जातं.

आधी खड्डा खोदा

पीक उभं असताना, शक्यतो फुलोऱ्याच्या सुमारास, दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल असा खड्डा घ्या. एकच घेऊन भागत नाही. एक खड्डा पीक जोमदार आहे तिथे घ्या, एक पीक बसलंय तिथे आणि एक बांधाच्या अगदी कडेला, जिथे चाक कधी गेलं नाही. बांधाजवळचा खड्डा ही तुमची मोजपट्टी. तुमची माती मुळात कशी होती हे तोच सांगतो. ट्रॅक्टर वळतो त्या शेताच्या टोकाला खड्डा घेऊन सगळ्या रानाचा निष्कर्ष काढू नका, तिथली माती कायमच जास्त दबलेली असते.

खड्ड्याची एक बाजू फावड्याने सरळ तासा. मग साधी घरगुती सुरी घ्या आणि वरून खाली दर दोन इंचांवर टोचत जा. वरचे चार-पाच इंच सुरी सहज जाते. मग एका ठिकाणी ती अडते, हात दाबावा लागतो. आणखी दोन-चार इंचांनी पुन्हा सैल लागते. अडली तिथे आणि सुटली तिथे काडी रोवून खूण करा. या दोन काड्यांमधला भाग म्हणजे कडक थर. तिथला ढेकूळ हातात घेऊन फोडून बघा. तो आडवा, पापुद्र्यांसारखा सुटतो, कडा धारदार असतात, आत गांडुळाचं किंवा जुन्या मुळाचं भोक दिसत नाही. मुळं बघा. हरभरा, तूर किंवा कापसाचं सोटमूळ सरळ खाली न जाता काटकोनात वळून थराच्या पाठीवरून आडवं पळालेलं असेल, तर आणखी पुरावा नको. थराच्या वर राखाडी-निळसर डाग आणि कुजका वास असेल तर तिथे पाणी वारंवार तुंबतंय.

सळईची परीक्षाही करता येते. दहा-बारा मिलिमीटर जाडीची तीन फुटी सळई घ्या, वर आडवी मूठ वेल्ड करून घ्या, आणि पाऊस किंवा भरपूर पाणी होऊन दोन-तीन दिवसांनी, माती खोलवर ओली असताना, अंगाचा भार टाकून दाबा. उन्हाळ्यात हे करू नका. कोरडी काळी माती सगळीकडेच दगडासारखी लागते आणि नसलेला थर सापडतो. मातीचा विरोध मोजणारं पेनेट्रोमीटर मिळालं तरी नियम हाच. त्यावर चौरस सेंटीमीटरला २० किलोच्या वर आकडा गेला की बहुतेक पिकांची मुळं जवळजवळ थांबतात.

पाणी मुरण्याची तुलनाही करून घ्या. सहा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा मातीत दोन-तीन इंच ठोका. आत ४५० मिली पाणी ओता, म्हणजे साधारण एक इंच पाऊस. ते जिरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि दुसऱ्या वेळचा वेळ मोजा. हे एकदा वरच्या मातीत, एकदा खड्ड्यात कडक थराच्या पाठीवर आणि एकदा बांधाशी करा. भारी काळ्या मातीत ओली झाल्यावर पाणी मुळातच सावकाश मुरतं, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नका, तीन ठिकाणांमधला फरक बघा.

थर कशाने झाला, त्यावर उपाय ठरतो

आपल्याकडे सगळ्या कडक थरांना एकच औषध दिलं जातं. माझ्या मते सर्वांत मोठा तोटा इथेच होतो.

पहिला थर रोटाव्हेटरचा. कांद्याच्या पट्ट्यात दर हंगामात, कधी दोनदा-तीनदा, एकाच खोलीवर रोटाव्हेटर चालतो. त्याची पाती वरची माती बारीक करतात आणि खालच्या मातीला प्रत्येक फेरीत घासून लिंपतात. हा थर पाच-सहा इंचांवर सापडतो. कांद्याची बहुतेक मुळं वरच्या फूटभरातच असतात, म्हणून कांद्याला सगळ्यात जास्त हाच थर नडतो. पण त्याच्यासाठी दोन फुटी सबसॉयलर लागत नाही. मजबूत दात्यांचा कल्टिव्हेटर किंवा चिझल नांगर आठ-नऊ इंचांवर नीट चालवला की काम होतं. कांदा उत्पादकाने यात वाचणारे पैसे शेणखताला लावावेत.

दुसरा थर नांगराचा. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर पलटी नांगर चालला आणि नांगरताना एक चाक तासाच्या, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरीच्या, तळातून गेलं की नऊ ते बारा इंचांवर पट्टा तयार होतो. पलटी नांगराने तो फुटत नाही, कारण तोच नांगर त्याच्यावरून घसरत असतो. इथे सबसॉयलर किंवा चिझल नांगराची खरी गरज आहे.

तिसरा थर वजनाचा. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या, ओल्या रानात शिरलेले ट्रक, टँकर. जड आसाखालचा दाब दीड फुटाच्याही खाली जातो. हा थर फोडायला सर्वांत अवघड, म्हणून होऊ न देणंच स्वस्त.

चौथा प्रकार मशागतीने सुटत नाही. कालव्याच्या पाण्याखालच्या काही जमिनी चोपण झाल्या आहेत. तिथे माती कडक होते ती सोडियममुळे. ओली झाली की चिखल, वाळली की वीट. अशी शंका असेल तर वरच्या नऊ इंचांचा आणि खालच्या नऊ इंचांचा मातीनमुना वेगवेगळा घ्या आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण. आधी पाण्याचा निचरा, मग अहवालाप्रमाणे जिप्सम, आणि भरपूर पाणी देऊन सोडियम खाली धुऊन काढणं. खोल चिरा पाडल्याने जिप्समचं पाणी खाली जायला मदत होते. नुसत्या चिरा पाडल्या तर माती फुगून एकदोन पाण्यांतच त्या मिटतात.

कुठे सबसॉयलर लावू नये

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत भाताच्या खाचरांत चिखलणी करून मुद्दामच खालचा थर दाबलेला असतो. त्यामुळेच खाचरात पाणी टिकतं. तिथे भातच लावायचा असेल तर हा थर फोडणं म्हणजे स्वतःचं पाणी स्वतः सोडून देणं.

सिन्नर-येवल्याकडच्या माळावर फूटभर मातीखाली मुरूम असतो. मुरूम हा दबलेला थर नव्हे. जिथे मऊ मुरूम आहे आणि फळबाग लावायची आहे, तिथे लागवडीच्या ओळीपुरता रिपर (मुरूम फोडणारा जड दाता) चालवणं वेगळं. पण ज्वारी-बाजरीच्या रानात दाता दीड फूट घालून दगड वर आणण्यात काही अर्थ नाही. चुनखडीच्या थराचंही तसंच, तो वर येऊन मातीत मिसळला की द्राक्ष-डाळिंबात लोहाची कमतरता वाढते.

आणि चिबड जमीन. जिथे पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, तिथे सबसॉयलरच्या चिरांत पाणी साठतं आणि मुळं तिथेच सडतात. आधी चर काढा, मगच खोल मशागतीचा विचार करा.

ज्या खोल काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा पडतात आणि खड्ड्यात मुळं खोलवर दिसतात, तिला तर हातही लावू नका. ती फुगून-आकसून स्वतःची मशागत स्वतः करते आहे.

ओल: सगळं काम यावर अवलंबून

नांगरट-वखरणीसाठी आपण वाफसा बघतो तो वरच्या मातीचा. सबसॉयलरसाठी ओल बघायची ती दात्याच्या टोकापाशी, म्हणजे सव्वा-दीड फुटांवर. वर छान वाफसा आणि खाली माती ओलीगच्च, अशी वेळ पुष्कळदा असते. अशा मातीत दाता लोण्यातल्या सुरीसारखा जातो. ट्रॅक्टरला ओढ कमी लागते, चालक खूश होतो, आणि खाली फक्त एक गुळगुळीत फट पडते. बाजूची माती तडकत नाही, उलट फटीच्या भिंती दाबल्या जातात.

परीक्षा सोपी आहे. कडक थरातली मूठभर माती काढा आणि दोन तळव्यांत घोळून वात करा. तीन मिलिमीटरची, म्हणजे जाड सुतळीएवढी वात न तुटता झाली तर थांबा. वात होताना तुकडे पडत असतील, माती दाबल्यावर चुरत असेल, तर काम सुरू करा.

नाशिकच्या पीकपद्धतीत ही वेळ दोनदा येते. गहू-हरभरा निघाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये, शेवटचं पाणी देऊन पुरेसे दिवस लोटलेले असतात तेव्हा. आणि उन्हाळ कांदा काढल्यावर एप्रिल-मे महिन्यात. मेअखेर भारी काळी माती इतकी टणक होते की दाता तिला तडकवण्याऐवजी खाटेएवढी ढेकळं उपटतो आणि डिझेल प्यायला लागतो. म्हणून शक्य असेल तर मार्च-एप्रिलच धरा. पावसाळ्यात किंवा ऑक्टोबरमध्ये सोयाबीन-मका निघाल्याबरोबर घाईने हे काम करू नका, खालची ओल तेव्हा बहुधा जास्तच असते.

अवजार आणि जुळवणी

खोली ठरवताना "जितकं खोल तितकं चांगलं" हा समज सोडा. खड्ड्यात जिथे सुरी पुन्हा सैल लागली, त्या काडीच्या दोन इंच खाली टोक चाललं पाहिजे. थर बारा इंचांवर संपत असेल तर चौदा-पंधरा इंच पुरे. खोली वाढवली की ओढ त्या प्रमाणात नव्हे, त्याहून जास्त वाढते.

दुसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. दात्याच्या टोकाची रुंदी. टोकाच्या रुंदीच्या साधारण सहा पटींपर्यंतच दाता माती वर उचलून तडकवतो. त्याखाली तो माती फक्त बाजूला दाबतो. अडीच इंच रुंद टोक असेल तर पंधरा इंच ही त्याची मर्यादा. झिजून दीड इंच उरलेलं टोक घेऊन पंधरा इंच जायचं म्हणजे नऊ इंचांच्या खाली नवा दाब तयार करणं. म्हणून ट्रॅक्टर रानात शिरण्याआधी टोकावर टेप लावून मोजा. अठरा-वीस इंच जायचंच असेल तर टोकाला दोन्ही बाजूंनी पंख असलेला दाता शोधा, किंवा आधी आठ-दहा इंचांवर एक फेरी मारून घ्या आणि मग खोल चालवा. वरची माती सैल झाली की खालची सहज उचलली जाते.

दोन तासांमधलं अंतर खोलीवर ठरतं. बिनपंखांच्या दात्याला खोलीइतकं ते खोलीच्या दीडपट. पंधरा इंच खोलीला सव्वा ते पावणेदोन फूट. पंख असतील तर अडीच फुटांपर्यंत चालतं. चार-पाच फुटांवर तास घेतले तर मधला थर शाबूत राहतो, आणि सुरुवातीला सांगितलेलं रान पुन्हा पाण्याखाली जातं ते यामुळेच.

एका दात्याच्या सबसॉयलरला भारी मातीत ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, चारही चाकं ओढणारा असेल तर उत्तम. अवजार घेणार असाल तर यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. पण हे रोजचं अवजार नाही. गावात चार-पाच जणांनी मिळून एक घेणं जास्त शहाणपणाचं.

रानात काम सुरू करताना

सर्वांत आधी जमिनीखालच्या वस्तूंचा नकाशा करा. ठिबकची सबमेन (नळ्यांना पाणी पुरवणारी उपवाहिनी), विहिरीची पाइपलाइन, मोटारीची केबल. आपल्या जिल्ह्यात धरणातून, नदीतून पाणी आणलेल्या लांबच लांब पाइपलाइन दुसऱ्यांच्या रानांतून गेलेल्या असतात. टाकताना तीन फुटांवर असलेली पाइप सपाटीकरणामुळे दीड फुटावर आलेली असू शकते. शेजाऱ्यांना विचारा, चुना टाकून रेषा आखा, आणि दोन्ही बाजूंनी चार-चार फूट सोडा.

मग पन्नास-साठ फुटांचा एकच नमुना तास घ्या. ट्रॅक्टर उभा करा आणि तासाच्या आडवा खड्डा खोदा. दहा मिनिटांचं काम आहे, पण यानेच सगळं कळतं. माती टोकापासून दोन्ही बाजूंना तिरकी वर तडकलेली दिसली पाहिजे, खाली अरुंद, वर पसरट. चालताना दात्याच्या आजूबाजूची जमीन किंचित उचलली जाते, तेही बघा. चकचकीत भिंतींची नुसती फट दिसली तर माती ओली आहे, काम पुढे ढकला. टोक थराच्या मध्येच चाललं असेल तर खोली वाढवा. तडा दोन तासांमध्ये एकमेकांना भिडत नसेल तर अंतर कमी करा.

वेग ताशी तीन-चार किलोमीटर. टॉप लिंक (अवजार ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) अशी लावा की टोक किंचित पुढे झुकून जमिनीत शिरेल, पण दाता फार तिरका होणार नाही. वळताना दाता पूर्ण वर उचलूनच वळा. जमिनीत ठेवून वळलं की बोल्ट तुटतो नाहीतर दाता वाकतो. उताराच्या कोरडवाहू रानात तास उताराला आडवे घ्या, पाणी तिथेच मुरेल. निचरा करायचा असेल तर तास चराच्या दिशेने.

भाडं ठरवताना एक सल्ला. एकरावर ठरवलं तर घाईत दाता वर उचलला जातो आणि तास लांब पडतात, कारण बाहेरून काहीच दिसत नाही. खोली आणि अंतर आधी बोलून घ्या, सळई हातात ठेवा आणि अधूनमधून ताज्या तासात घालून मोजा.

द्राक्षबागेचं वेगळं गणित

बागेत दबलेली माती ओळीच्या मधोमध नसते, ती चाकांच्या दोन पट्ट्यांत असते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीने चिखलातही ब्लोअर, म्हणजे फवारणी यंत्र, घालावाच लागतो. त्याच दोन पट्ट्यांवरून छोटा ट्रॅक्टर आणि भरलेली टाकी हंगामभर जाते-येते. अशा वेळी ओळीच्या मध्यावर एकच दाता चालवला तर तो मऊ जागाच फोडतो.

नऊ फुटी ओळीत चाकाची पट्टी खोडापासून साधारण पावणेतीन फुटांवर येते. दोन दाते चाकांच्या मागे बसवा आणि खोली दहा-बारा इंचांपर्यंतच ठेवा. जास्त खोल गेलात तर जाड मुळं तुटतील. वेळ फळ काढणीनंतर, खरड छाटणीच्या (एप्रिलच्या सुमाराची छाटणी) आधीच्या विश्रांतीत. आणि एका वर्षी सगळ्या ओळी नकोत. यंदा एक आड एक, राहिलेल्या पुढच्या वर्षी. अर्धी मुळं शाबूत राहिली की वेल धक्का सोसतो आणि तुटलेल्या टोकांपाशी पांढरी मुळं फुटतात. आधी अँगलचे ताण आणि ठिबकच्या नळ्या बाजूला घ्या.

नवीन बाग लावणार असाल तर हे सगळं लागवडीआधी, मोकळ्या रानात उभं-आडवं करून घ्या. नंतर अशी संधी मिळत नाही.

फोडलेली माती टिकवायची कशी

ताजी फोडलेली माती फार नाजूक असते. तिच्यावरून पहिला जड ट्रॅक्टर गेला की ती आधीपेक्षाही घट्ट बसू शकते. त्यामुळे सबसॉयलरनंतर लगेच ढेकळं बारीक करायला रोटाव्हेटर घालायचा मोह टाळा. काळ्या मातीची ढेकळं उन्हाने आणि वळवाच्या सरींनी आपोआप फुटतात. मग शेणखत पसरून हलकी वखरणी पुरे.

चिरांमध्ये मुळं गेली पाहिजेत, आणि तीही पहिल्याच पावसात. कांद्याच्या रानात जूनमध्ये ताग किंवा धैंचा एकरी २०-२५ किलो पेरा आणि फुलावर येताच, ४५-५० दिवसांनी गाडा. डिसेंबरच्या कांदा लागणीला पुरेसा वेळ उरतो. पीक घ्यायचंच असेल तर मक्यात किंवा सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्या, तिचं सोटमूळ चिरेतून खाली जातं आणि कुजल्यावर पाण्याला वाट ठेवतं.

मग चाकांच्या वाटा कायमच्या ठरवा. कांद्याला १२० सेंटीमीटरचा गादीवाफा आणि ४५ सेंटीमीटरची सरी ठेवली तर दोन सऱ्यांमधलं अंतर १६५ सेंटीमीटर होतं. ट्रॅक्टरची मागची चाकं त्या मापाला बसवून घ्या, म्हणजे चाक सरीतच राहील आणि वाफा कधीच दबणार नाही. काढणीच्या वेळी भरलेली ट्रॉली बांधालगतच्या एकाच रस्त्यावरून न्या. पाऊस पडून गेलेल्या रानात ती घालू नका, मग व्यापारी कितीही घाई करू देत.

पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी, त्याच सुमारास खड्डा घ्या. सुरी कुठे अडते आणि मुळं किती इंच खाली गेली ते वहीत लिहून ठेवा. दर तीन-चार वर्षांनी सबसॉयलर असा सल्ला मिळेल, पण खड्ड्यात थर सापडला तरच तो चालवा.